सोलापूरचा माळ आणि आफ्रिकेची सफारी

सोलापूरहून बार्शीकडे निघालेल्या रस्त्यावर साधारण २० किलोमीटरवर नान्नज लागते. गावाची एक ओळख द्राक्षांची. सोनाका आणि शरद सीडलेस हे महाराष्ट्रभर पसरलेले वाण नानासाहेब काळे यांनी याच गावात तयार केले. बागांच्या पलीकडे मात्र माती उथळ होत जाते, मुरूम वर येतो आणि गवताचा माळ सुरू होतो. माळढोक पक्षी अभयारण्याचा हा गाभा. महाराष्ट्रात रुंद गवताळ प्रदेशात मोकळ्यावर वावरणारे वन्यजीव पाहायचे असतील, तर त्यासाठी फार थोड्या जागा उरल्या आहेत. नान्नज त्यांतली सर्वांत महत्त्वाची.

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. बेसाल्ट खडकावर मातीचा थर जिथे वीतभरही नाही, तिथे दाट जंगल उभे राहत नाही. राहते ते गवत. कुसळी, पवन्या, मारवेल ही त्यातली मुख्य. मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर, तरवड. पावसाळ्यात महिनाभरात माळ गुडघाभर हिरवा होतो, दिवाळीनंतर सोनेरी पडतो आणि मार्च संपता संपता नुसता मुरूम दिसू लागतो. उन्हाळ्यात इथून जाणाऱ्या प्रवाशाला ही जमीन मेलेली वाटते. सरकारी कागदावरही तिची नोंद बहुधा ‘पडीक’ अशीच झाली. इंग्रजी अमदानीतल्या महसूलखात्याला जिथे शेतसारा मिळत नाही आणि इमारती लाकूडही मिळत नाही, ती जमीन निरुपयोगी वाटे. स्वातंत्र्यानंतर खाते बदलले, नजर फारशी बदलली नाही.

ही नजर चुकीची आहे. झाडे विरळ, गवत सलग आणि ऋतू कोरडा अशा प्रदेशाला भूगोलाच्या पुस्तकात सव्हाना म्हणतात. शाळेत सव्हाना म्हटले की केनिया-टांझानियाचे चित्र दाखवले जाते. सोलापूर, बारामती, इंदापूर, करमाळा, कर्जत यांची नावे कोणी घेत नाही. हा माळ म्हणजे माणसाने तोडलेल्या जंगलाचा उरलेला सांगाडा, हा समजही खोल रुजलेला आहे. त्याला उत्तर देणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य, चरित्रे आणि लोकपरंपरा तपासून पश्चिम महाराष्ट्रातल्या वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यांतून दिसले ते असे, की आज जिथे माळ आहे तिथे सातशे वर्षांपूर्वीही मुख्यतः गवत आणि काटेरी झाडेच होती. म्हणजे माळ ही जंगलाची पडझड नाही. ती स्वतंत्र, जुनी परिसंस्था आहे.

या माळाचा सर्वांत देखणा प्राणी काळवीट. नान्नजला त्याचे कळप सहज दिसतात. नर प्रौढ होतो तसा त्याचा रंग गडद होत जातो, पोट आणि डोळ्यांभोवतीचे कडे पांढरे राहते, शिंगांना पीळ पडत जातो. विणीच्या हंगामात नर आपापला तुकडा राखून बसतात आणि मान मागे टाकून, शिंगे पाठीला टेकवून चालत राहतात. काळवीट घाबरले की कळपातले एकेक जनावर सरळ उभे उडते आणि मग सारा कळप सुटतो. दुसरा महत्त्वाचा प्राणी लांडगा. भारतात वाघाला जे संरक्षण कायद्याने मिळाले, तेच लांडग्याला मिळाले आहे. लोकांच्या मनातले स्थान मात्र त्याला मिळालेले नाही. नान्नजच्या लांडग्यांवर अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे काम केले. सतीश कुमार आणि पुढे बिलाल हबीब यांच्या अभ्यासांतून लांडग्याचे भक्ष्य, त्याचा वावर आणि धनगरांच्या मेंढ्यांशी असलेला त्याचा संबंध तपशीलवार समोर आला. लांडगा काळविटावर जगतो, तसाच मेंढ्या-करडांवरही. मेंढपाळाच्या वाड्याभोवती तो रात्री फिरतो, आणि मेंढपाळ त्याला ओळखून असतो. याखेरीज खोकड, कोल्हा, तरस, रानमांजर, ससा, घोरपड. पक्ष्यांमध्ये धाविक, माळटिटवी, पखुर्डी, रातवा, नाना जातींचे चंडोल. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतात.

माळावरच्या सफारीचा जुना इतिहास शिकारीचा आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा आफ्रिकेशी थेट धागा आहे. कोल्हापूर संस्थानात काळविटाची शिकार पाळीव चित्त्याकडून करून घेत. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, कळप टप्प्यात आला की टोपी काढून त्याला सोडायचे. शाहू छत्रपतींना या शिकारीची मोठी आवड होती. विसाव्या शतकाच्या आरंभी देशी चित्ते इतके दुर्मीळ झाले की कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. १९४७ साली कोरिया संस्थानाच्या राजाने तीन चित्ते मारले. भारतातल्या चित्त्यांची ती शेवटची खात्रीची नोंद मानतात. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. नामिबियातून आठ चित्ते सप्टेंबर २०२२ मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेतून बारा फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले गेले, तेव्हा आफ्रिकेचा चित्ता काही पहिल्यांदाच भारतात उतरला नव्हता.

आफ्रिकेतही सफारी म्हणजे आधी बंदूकच. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानम्हैस या पाचांना ‘बिग फाइव्ह’ हे नाव दिले ते शिकाऱ्यांनी; पायी पाठलाग करून मारायला सर्वांत धोक्याचे, या हिशेबाने. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली ती हळूहळू. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यान १९२६ साली झाले. त्याच्या पश्चिमेच्या कडेला खासगी शेतजमिनी होत्या. दुष्काळी, गुरांना रोगट अशा त्या जमिनी श्रीमंत कुटुंबांनी शिकारीसाठी घेतल्या आणि १९४८ मध्ये शेजारच्या मालकांनी एकत्र येऊन साबी सँड हे खासगी अभयारण्य बनवले. मालामाला, लोंडोलोझी, पुढे सिंगिता ही जगभर गाजलेली निवासस्थाने याच पट्ट्यातली. १९६० आणि १९७० च्या दशकांत इथे शिकार मागे पडून छायाचित्रांची सफारी आली. १९९३ मध्ये क्रूगर आणि साबी सँड यांच्यामधले कुंपण काढले गेले. त्या दिवसापासून प्राणी सरकारी उद्यानातून खासगी जमिनीत आणि परत, मोकळे फिरतात.

मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांबरोबर केनियाला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबांची संख्या आता मोठी आहे. मसाई मारातले वाइल्डबीस्टचे स्थलांतर हे त्यांचे मुख्य आकर्षण. दक्षिण आफ्रिकेतल्या खासगी अभयारण्यातली सफारी त्याहून वेगळी असते. पहाटे आणि दुपारनंतर अशा रोज दोन फेऱ्या, प्रत्येकी तीन-चार तासांच्या. छत नसलेली उंच गाडी, सुकाणूवर रेंजर, आणि बॉनेटच्या टोकाला बसवलेल्या खुर्चीवर मागकाढ्या. धुळीतला ठसा ताजा की रात्रीचा, हे तो चालत्या गाडीतून सांगतो. या साऱ्या व्यवहारात सर्वांत दुर्मीळ कसब त्याचे आहे, आणि ते बहुधा त्याच भागातल्या शांगान लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेले असते. सरकारी उद्यानात पर्यटकाची गाडी रस्ता सोडू शकत नाही आणि अंधार पडायच्या आत तळावर पोहोचावे लागते. खासगी हद्दीत रस्ता सोडून बिबट्याच्या मागे झुडपांत शिरता येते, रात्री दिवा घेऊन फिरता येते, सशस्त्र वाटाड्याबरोबर पायी जाता येते. एका प्राण्यापाशी एका वेळी दोन-तीनच गाड्या थांबतील, असे मालकांनी आपसात ठरवून घेतलेले असते. ताडोब्यात एका वाघाभोवती जमलेला जिप्सींचा गराडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या एका नियमाची किंमत लगेच कळेल. निवासस्थानी दहा-बारा खोल्याच, स्वयंपाकी, मद्य, नदीकाठचा सज्जा. एका रात्रीचा माणशी दर रुपयांत लाखाच्या घरात जातो, नामांकित ठिकाणी त्याच्याही वर. थोडे पाहुणे, जास्त दर, हे या धंद्याचे गणित.

गणिताच्या मुळाशी कायदा आहे. दक्षिण आफ्रिकेत पुरेसे कुंपण घातलेल्या जमिनीवरचा वन्यप्राणी जमीनमालकाच्या मालकीचा राहतो. १९९१ च्या कायद्याने ही मालकी पक्की केली. प्राण्याला बाजारभाव आला, त्यामुळे गुरे काढून तिथे पुन्हा झेब्रे आणि हरणे आणणे परवडू लागले. गवताळ जमिनीचे मोठमोठे पट्टे नांगराखाली जाण्यापासून यामुळे वाचले, हे खरे आहे. जमीन कोणाची होती, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. १९१३ च्या भूमी कायद्याने कृष्णवर्णीयांना देशाच्या बहुतांश भागात जमीन घेण्यास मनाई केली होती. मालामालाच्या सुमारे १३ हजार हेक्टर जमिनीवर तिथल्या मूळ समाजाने हक्क सांगितला, आणि २०१३ मध्ये सरकारने प्रचंड रक्कम मोजून ती जमीन मालकांकडून घेऊन त्या समाजाला परत दिली. सफारी चालू राहिली. जमिनीचा धनी बदलला.

नामिबियाने त्याआधीच याच्या पुढचे पाऊल टाकले होते. गोऱ्या शेतकऱ्यांना प्राण्यांवरचे हक्क स्वातंत्र्याआधीच मिळाले होते. स्वातंत्र्यानंतर, १९९६ च्या कायद्याने तेच हक्क सामायिक जमिनीवर राहणाऱ्या गावांना दिले. गावाने हद्द ठरवायची, सभासदांची यादी करायची, समिती निवडायची आणि नोंदणी करायची. मग पर्यटन कंपनीशी करार गाव स्वतः करते. १९९८ मध्ये अशी पहिली चार क्षेत्रे नोंदली गेली, आज ती ऐंशीच्या वर आहेत. केनियात मारा उद्यानाच्या कडेला मसाई कुटुंबांनी आपले जमिनीचे तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने दिले. भाडे ठरलेले, पर्यटक येवोत न येवोत. गुरे चारायला ठरावीक काळ मोकळीक. किती एकरांमागे किती तंबू याची मर्यादा. २०२० मध्ये कोरोनाने विमाने थांबवली तेव्हा हे भाडे कमी करावे लागले आणि नुसत्या परदेशी पाहुण्यांवर उभ्या असलेल्या संरक्षणाचा पाया किती पोकळ असू शकतो, तेही दिसले.

भारतात वाट निराळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि वन्यप्राण्यावर जमीनमालकाचा कसलाही हक्क ठेवला नाही. त्यामुळे साबी सँडसारखे खासगी अभयारण्य इथे उभे राहू शकत नाही, आणि तसे ते राहू नये हेच बरे. प्राणी कोणा एकाच्या मालकीचे नसणे ही या कायद्याची मोठी कमाई आहे. पण त्याच कायद्याने शेतकऱ्याच्या ज्वारीत शिरणारे काळवीट हे त्याच्यासाठी केवळ नुकसान होऊन बसले. सोलापुरात याचा फटका सर्वांत जास्त बसला तो माळढोकाला.

माळढोक हा उडणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर मीटरभर उंच, वजन १५ किलोपर्यंत. पावसाळ्यात तो गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उभारून माळावर मिरवतो आणि त्याचा घुमणारा आवाज दूरवर जातो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतातला भुईमूग हे त्याचे खाणे. म्हणजे तो माळाचा आणि जिरायती शेतीचा, दोन्हींचा रहिवासी. १९७० च्या दशकाच्या आरंभी सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधले. त्याच सुमारास अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली इथे काही तुकडे राखले गेले होते. चराई थांबली, गवत वाढले आणि माळढोक तिथे विणीला येऊ लागले. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी यांनी या पक्ष्याचा जो अभ्यास केला, त्याचे नान्नज हे एक मुख्य केंद्र होते.

चूक झाली ती नकाशावर. अभयारण्याची हद्द सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर आखली गेली. वनखात्याच्या ताब्यातले माळाचे तुकडे त्यात थोडे आणि विखुरलेले. बाकी सगळी शेते, गावे, तालुक्याची ठिकाणे, रस्ते. जमीन विकायची, विहीर खणायची, कारखाना काढायचा तर माळढोक आडवा येतो, अशी लोकांची समजूत होत गेली. ज्या पक्ष्याला धनगर आणि शेतकरी शतकानुशतके शेजारी म्हणून पाहत आले, त्याचे नाव तंट्याचे झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने हद्द कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली, पण तोवर तीस वर्षांचा राग साठला होता. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर निर्बंध आले आणि बदल्यात गावांच्या हाती जवळपास काहीच आले नाही. याच काळात केनियातला मसाई आपल्या जमिनीचे भाडे ठरवायला शिकत होता, ही तुलना बोचणारी आहे.

उजनी धरणाचे पाणी आले, तिथे ऊस आला. ठिबक आले, तिथे द्राक्ष आणि डाळिंब आले. शेतकऱ्याने ते का करू नये? पण भुईमूग, मटकी, करडई ही माळढोकाला चालणारी पिके मागे पडत गेली. वनखात्यानेही काही राखीव तुकड्यांत ग्लिरिसिडियासारखी झाडे लावून मोकळा माळ बुजवला. झाड लावले म्हणजे संरक्षण झाले, या समजुतीचा हा परिणाम. भटकी कुत्री वाढली. वीजवाहिन्यांचे जाळे आले, आणि समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळून मरतो, हे राजस्थान आणि गुजरातमधल्या नोंदींवरून सिद्ध झाले. २०११ मध्ये माळढोकाची गणना जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. देशात आज दीडशेच्या आसपास पक्षी उरले असावेत असा अंदाज आहे, आणि बहुतेक सारे जैसलमेरच्या परिसरात. तिथे २०१९ पासून पिंजऱ्यात प्रजननाचा प्रयत्न चालू आहे आणि अंड्यांतून पिल्ले वाढवण्यात यशही मिळाले आहे. वीजतारा भूमिगत करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा सरसकट आदेश मात्र २०२४ मध्ये सैल झाला. नान्नजला विणीचे थवे आता राहिलेले नाहीत. ज्या पक्ष्याच्या नावाने हे अभयारण्य आहे, तो पाहण्यासाठी इथे येणाऱ्याने त्याची आशा धरू नये.

तरीही माळ आहे, काळवीट आहे, लांडगा आहे, आणि त्यांच्याकडे पाहण्याची नवी रीत शेजारच्याच जिल्ह्यात सुरू झाली आहे. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. नोंदणी आधी ऑनलाइन करायची, गाड्यांची संख्या आणि वाट ठरलेली, बरोबर गावातलाच प्रशिक्षित वाटाड्या. त्याआधी माळावर मोकाट कारभार होता. लांडग्याची वीण हिवाळ्यात होते; पिल्ले असलेली घळ एखाद्याने समाजमाध्यमावर टाकली की शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागे, आणि मादीला पिल्ले तोंडात धरून जागा बदलावी लागे. नियमांनी हे पूर्ण थांबले नसले, तरी हटकणारा माणूस आता जागेवर असतो, आणि तो गावचा असतो.

या धंद्यात गाव पुढे असले की काय घडते, त्याचे जुने उदाहरण सोलापूरच्या उंबरठ्यावरच आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, नाना प्रकारची बदके उतरू लागली. भिगवण-कुंभारगावच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी काढल्या. आज त्यांच्यातले कितीतरी जण पक्षी अचूक ओळखतात, घरात मुक्कामाची सोय करतात, चुलीवरच्या मच्छीचे जेवण वाढतात. कोणी मोठा भांडवलदार आला नाही आणि आलिशान लॉजही बांधावे लागले नाही. होडी त्याची, पाणी ओळखीचे, पैसा घरात. आफ्रिकेच्या मागकाढ्याला जे मान आणि मोल मिळते, ते सोलापूरच्या मेंढपाळाला मिळायला हरकत नाही. लांडग्याची वाट, खोकडाचे बीळ, काळविटाचा पाणवठा त्याच्याइतका कोणाला ठाऊक नसतो. २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद झाली आहे. त्यामुळे गावाला आपली खासगी वा सामायिक जमीन वन्यजीवांसाठी स्वतःहून राखता येते. माळाच्या गावांनी ही तरतूद वापरली, तर नामिबियाची वाट इथे अगदीच अनोळखी राहणार नाही.

नान्नजला सध्याची सोय साधी आहे: वनखात्याचे विश्रामगृह, निरीक्षण मनोरे, लपून पाहण्याच्या जागा आणि पायवाटा. प्रवेशासाठी खात्याची परवानगी लागते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. तेव्हा गवत उभे असते, भोवत्या आलेले असतात आणि ऊन सोसते. सकाळी ऊन चढण्यापूर्वीचे दोन तास आणि मावळतीचे दोन तास कामाचे, मधल्या वेळी काळवीटसुद्धा बाभळीच्या सावलीला जाते. कपडे मातकट रंगाचे असावेत. पायात बूट हवेत, कारण कुसळीचे टोक कापडातूनही रुतते. दुर्बीण हवीच, कारण माळावर प्राणी लांबून दिसतो आणि त्याला माणूस त्याहूनही लांबून दिसतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो; तेव्हा पाणवठ्यांवर प्राणी एकवटलेले असतात आणि तिथे त्यांना माणसाचा उपद्रव होऊ नये, म्हणून त्या दिवसांत पाणवठ्यांपासून लांब राहिलेले चांगले.